गॅरेजातला तिसरा फेरा

कायपोचा नवा अल्बम मी ऐकणार नव्हते. हे मी महिनाभर सगळ्यांना सांगत होते आणि सगळे मान डोलावत होते, म्हणजे कुणीच ते मनावर घेतलेलं नव्हतं. शनिवारी दुपारी जेवणाची भांडी घासत होते, तर गॅरेजात खुर्च्या ओढल्याचे आवाज यायला लागले. जाऊन बघते तो काय, मॅनीने माझी गाडी बाहेर पावसात नेऊन उभी केलीय, घडीच्या खुर्च्या मांडल्यात आणि माझ्या मोझेसचे जुने स्पीकर ओल्या फडक्याने पुसतोय.

मोझेस म्हणजे माझा नवरा. त्याला जाऊन सहा वर्षं झाली, पण त्याच्या स्पीकरला ओलं फडकं लावलेलं त्याला आजही खपलं नसतं.

"कोरडं फडकं घे," मी म्हटलं. "आणि हे काय मांडलंयस?"

"काही नाही आंटी, थोडी माणसं येणारेत."

"थोडी म्हणजे किती?"

"चाळीसेक."

"मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता. मग मला उगाच तुमचा शब्द मोडावा लागला असता."

मॅनी साठीला आलाय, पोस्टातून निवृत्त झालाय आणि लहानपणी माझ्याकडेच उकुलेले, आमचं चार तारांचं छोटं गिटार, शिकलाय. ताल त्याला कधी जमला नाही, म्हणून तो चाहता झाला. कायपोच्या चाहत्यांचा फोनवर जो गट आहे तो मॅनीच चालवतो. नऊ हजार माणसं आहेत त्यात, जपानची, जर्मनीची, कुठल्या कुठल्या बर्फातल्या गावांची. अल्बम शुक्रवारी आला आणि तेव्हापासून मॅनीने फोन हातातून खाली ठेवलेला नव्हता. स्पीकरसुद्धा तो एका हाताने पुसत होता. अल्बम मात्र त्याने अजून ऐकला नव्हता. पहिल्यांदा ऐकायचा तो सगळ्यांनी मिळून, आणि कूलेई आंटीच्या गॅरेजातच, अशी त्याने शपथ घेतली होती. माझ्या गॅरेजाच्या शपथा लोक मला न विचारता घेतात.

गॅरेज माझंच का, तर कायपो फुर्तादोने पहिली तार छेडली ती इथे. सात वर्षांचा होता, रंगाच्या उपड्या बादलीवर बसायचा, पाय जमिनीला टेकायचे नाहीत. ती बादली अजून आहे. मी त्यात कपड्यांचे चिमटे ठेवते. फेकायची म्हणते आणि राहून जातं.

आता भांडणाचं सांगायला हवं, नाहीतर म्हणाल ही म्हातारी उगाच फुरंगटून बसलीय.

आमच्याकडची जुनी गाणी नाचायची असतात. कडवं संपलं की गाणारा गप्प होतो आणि वाजवणारा तेवढ्या वेळात तेच ते सूर फिरवत राहतो, म्हणजे नाचणारीला वळून पुन्हा जागेवर यायला सवड मिळते. त्याला म्हणायचं फेरा. सगळीकडे दोन फेरे वाजवतात. आमच्या हिलो गावात दोन, पलीकडच्या बेटावर होनोलुलूत दोन, जिथे जिथे हे गाणं पोचलंय तिथे दोन. माझ्या गॅरेजात तीन.

याचं कारण माझी आई. ऐन तिशीत ती उसाच्या गाडीवरून पडली आणि तिचा डावा गुडघा वाकडा सांधला गेला. नाचणं तिने सोडलं नाही. दर रविवारी मागच्या अंगणात बाबा वाजवायचे आणि ती नाचायची. वळायला तिला वेळ लागायचा म्हणून बाबा जास्तीचा फेरा वाजवायचे. त्यांची नजर कधी तारांवर नसायची, आईच्या पावलांवर असायची. मी त्यांच्या पायाशी बसून शिकले, बोटांवर तीन मोजून शिकले. लग्न होईपर्यंत मला ठाऊकच नव्हतं की बाकीचं जग दोन वाजवतं. मोझेसने सांगितलं तेव्हा मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

बरं, कळल्यावर तरी बदलायचं की नाही? नाही बदललं. आईच्या गुडघ्याचं कुणाला सांगितलंही नाही. तिला कुणी बिचारी म्हटलेलं आवडायचं नाही, आणि मला तर त्याहून नाही. शंभराच्या वर मुलं शिकली माझ्याकडे, सगळी तीन वाजवायची. बाहेर कुठे वाजवायला गेली की लोक हसायचे, "कूलेईच्या गॅरेजातली दिसतात." मला त्याचा अभिमान वाटायचा. खरं सांगायचं तर अभिमान नव्हे, हट्ट.

कायपो सोळाव्या वर्षी होनोलुलूला मोठ्या स्पर्धेला गेला. बोटं अशी पळायची पोराची की बघणाऱ्याला दम लागावा. शेवटी त्याने खाडीचं गाणं वाजवलं. आमच्याकडे प्रत्येक मुलाला पहिलं तेच शिकवतात. प्रत्येक कडव्यानंतर तीन फेरे. परीक्षकांनी कागदावर लिहून दिलं, हात अप्रतिम, मोजणी कच्ची. दुसरा आला. विमानतळावरून तो थेट इथे आला, तो कागद हातात घेऊन. गॅरेज मुलांनी आणि त्यांच्या आयांनी भरलेलं होतं.

"आंटी, जगात दोन असतात हे तुम्हाला माहीत होतं?"

माहीत होतं. तेवढंच म्हणायचं होतं. हो रे बाळा, माहीत होतं, चुकलं माझं. त्याऐवजी मी म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं. हरलास तर हरलास, माझ्यावर कशाला ढकलतोस? जा, ज्यांना मोजता येतं त्यांच्याकडे शीक."

तो गेला. अकरा वर्षं झाली. मोठा झाला, नाव झालं, चार अल्बम आले, आणि चारही अल्बमांत घड्याळ लावावं असे नेमके दोन फेरे. हे मला कसं माहीत? मी चारही ऐकलेत. सुपरमार्केटच्या मागे गाडी लावून, काचा वर करून. कुणाला सांगू नका.

हा पाचवा मात्र ऐकायचा माझा जीव होईना. गाण्यांची यादी आधीच छापून आली होती आणि शेवटचं, अकरावं गाणं होतं खाडीचं. अकरा वर्षांत त्याने ते कुठेही वाजवलं नव्हतं. आता वाजवलंय म्हणजे ते कसं वाजवायचं असतं हे दाखवायलाच, अशी माझी खात्री. नीट, स्वच्छ, दोन फेरे. ते एकदा ऐकलं की संपलंच. मग त्याच्या मनात मी कायमची खोटं शिकवणारी बाई. जोवर ऐकलेलं नाही तोवर थोडी आशा ठेवायला जागा होती, आणि ती जागा मला मोडायची नव्हती.

तीनच्या सुमाराला माणसं यायला लागली. दाराबाहेर चपलांचा ढीग झाला. पहिली आली फुमी, माझी शेजारीण, साठ वर्षांची मैत्री आणि तेवढीच भांडणं. ती ओकिनावाच्या घराण्यातली, तिच्या हातची गोल तळलेली अंदागी खायला माणसं सुतकातही हसत येतात. एका कानाने तिला ऐकू येत नाही, पण कुठल्या कानाने ते ती सोयीप्रमाणे ठरवते.

"तू ऐकणार नव्हतीस ना?" ती म्हणाली.

"माझं घर आहे. मी कुठे जाऊ?"

"सुपरमार्केटच्या मागे," फुमी म्हणाली आणि परात टेबलावर ठेवून दिली. म्हणजे सगळ्या गावाला माहीत होतं तर.

शेवटी आली डोलोरेस, कायपोची आई. राहते तीन घरं पलीकडे. दोन्ही हातांत ताज्या गोड पावांची टोपली. आम्ही दोघी दर रविवारी चर्चमध्ये भेटतो. पावसाबद्दल बोलतो, माशांच्या भावाबद्दल बोलतो, कायपोचं नाव काढत नाही. अकरा वर्षं असं बोलायचं म्हणजे काही सोपं काम नाही. तिने माझ्या गालाला गाल लावला आणि सवयीने म्हणाली, "काय पाऊस लागलाय." पण बसली ती दाराजवळच्या खुर्चीवर, आणि सारखी बाहेर बघत होती. मला वाटलं, टोपली घरी विसरली असेल एखादी.

मॅनीने बटण दाबलं.

खोटं कशाला बोलू, पहिल्या गाण्यालाच मी कान टवकारले. तोच कायपो, वीज चमकावी तशी बोटं, पण आता मध्ये मध्ये श्वास घेत होता. पूर्वी घ्यायचा नाही. दुसऱ्या गाण्याला मागच्या रांगेतली दोन माणसं उभी राहिली. तिसरं संपल्यावर मॅनीने डोळे पुसले आणि फोन वाचायला घेतला. एक हात डोळ्यांवर आडवा धरायचा, म्हणजे पुढच्या गाण्याबद्दल चुकून काही वाचलं जायला नको.

"म्युनिकच्या बाई लिहितात, तिसरं गाणं ऐकून त्यांनी नवऱ्याला उठवलं."

"मग?" कुणीतरी विचारलं.

"नवरा परत झोपला. बाई म्हणतात, आता त्यांना लग्नाचा फेरविचार करावा लागेल."

"आठवं गाणं माझ्या कुकरसारखं वाटतं," फुमी म्हणाली. अजून चौथंच चालू होतं, म्हणजे ही घरी चोरून ऐकून आली होती.

ओसाकाचे एक ओकादासान म्हणून होते, मॅनीच्या गटातले सगळ्यात काटेकोर. प्रत्येक गाण्याची मिनिटं, सेकंदं, किती सूर, कुठे तार बदलली, सगळं मोजून लिहायचे. सहाव्या गाण्यात त्यांनी एका मिनिटात नऊशे सूर मोजले होते. नऊशे ऐकून गॅरेजाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या असाव्यात, कारण फुमीने माझ्या हातांकडे बघून भुवई उडवली. सातव्याला लोक नाचले, आठव्याला खरंच कुकर आठवला, नवव्याला खायला उठले, दहाव्याला मॅनी पुन्हा रडला. इतका आनंद त्या गॅरेजात मोझेस गेल्यापासून झाला नव्हता. मला तो आनंद होत होता आणि मी उठून जायची वाटही शोधत होते, कारण आता अकरावंच उरलं होतं.

मी उठायला लागले. फुमीने माझ्या झग्याचं टोक धरलं. "बस," ती म्हणाली. "नाहीतर उद्या सुपरमार्केटच्या मागे जाशील."

बसले.

खाडीचं गाणं सुरू झालं ते इतकं हळू की मला वाटलं यंत्र बिघडलं. कायपो आणि हळू. प्रत्येक सूर उचलून नीट जागी ठेवल्यासारखा. पहिलं कडवं संपलं. माझे हात मांडीवर घट्ट. पहिला फेरा. दुसरा फेरा. मी डोळे मिटले.

तिसरा.

आलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त माणसं माझ्याकडे शिकलेली. त्यांच्या पायांनी तो तिसरा फेरा आपसूक धरला, आणि मग सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं की हा आपल्या गॅरेजात नाही, अल्बममध्ये वाजलाय.  दुसऱ्या कडव्यानंतर तीन. तिसऱ्यानंतर तीन. पाचही कडव्यांनंतर तीन. गाणं संपल्यावर फक्त पत्र्यावरचा पाऊस ऐकू येत होता.

"बिघडलं का रे?" फुमीने विचारलं.

मॅनीने फोन उघडला आणि नेहमीप्रमाणे मोठ्यांदा वाचायला लागला. "ओकादासान लिहितात, शेवटच्या गाण्यात एक मिनिट बाराव्या सेकंदाला चूक आहे, एक फेरा जास्त वाजलाय. कॅलिफोर्नियाचा एक म्हणतो, रेकॉर्डिंगचे तुकडे जोडणारा झोपला होता काय. आणखी एक म्हणतो, एवढा मोठा वादक आणि मोजता येत नाही? म्युनिकच्या बाई म्हणतात, पाच वेळा झालीय म्हणजे चूक नसावी. ओकादासान म्हणतात, पाच वेळा केली तरी चूक ती चूकच." मग तो थांबला आणि म्हणाला, "दोनशे सत्तर लोकांनी हसायची चित्रं टाकलीयत."

गॅरेजही हसायला लागलं. प्रेमानेच हसले असतील. पण माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. जगभरातली नऊ हजार माणसं हसतायत, आणि कशाला, तर माझ्या आईच्या गुडघ्याला. माझ्या मनात आलं, त्याने मुद्दाम केलंय. बघा, मला लहानपणी असं शिकवलं होतं. मी उठले, स्वयंपाकघरात गेले आणि घासून ठेवलेली भांडी पुन्हा घासायला घेतली.

मागून डोलोरेस आली. नळ तिने बंद केला.

"रागावलीयस की रडतेयस?" तिने विचारलं. "एक काय ते सांग, म्हणजे मला त्याला सांगता येईल."

"कुणाला?"

"बाहेर ट्रकमध्ये बसलाय. दोन तास होत आले. मी म्हटलं, आधी मी जाऊन तिचा पारा बघते, मग तुला बोलावते. काचा वर करून बसलाय, कुणी ओळखू नये म्हणून."

अकरा वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघी त्याच्याबद्दल बोललो, आणि बोललो ते हे.

"या उकाड्यात काचा वर?" मी म्हटलं. "आई आहेस की कोण? बोलव त्याला."

तो आला तेव्हा शर्ट घामाने अंगाला चिकटलेला होता. दाराशी चपला काढल्या, सगळ्यांच्या ढिगात नीट जोडून ठेवल्या. सोळाव्या वर्षी काढून फेकायचा. आता दाढी आलीय, खांदे भरलेत. मॅनीच्या हातातून फोन खाली पडला, शुक्रवारपासून पहिल्यांदाच. इतकी माणसं त्याची चाहती, पण एकानेही जागा सोडली नाही. सगळे आधी माझ्याकडे बघत होते.

"आंटी," तो म्हणाला, "एक विचारायचं होतं. खरं तर आधी विचारून मग वाजवायचं होतं, पण तुम्ही फोन उचलला नसतात."

"नसताच उचलला."

"तिसरा फेरा कुणासाठी होता?"

 तो दारातच उभा राहून सांगायला लागला. "गेल्या वर्षी ओसाकाला माझा कार्यक्रम होता. तिथे आपला नाच शिकवतात ना, त्यातल्या एक आजी एका दुसऱ्या जुन्या गाण्यावर नाचायला आल्या. शहाऐंशी वर्षांच्या. मी दोन फेरे वाजवले आणि पुढचं कडवं उचलणार, तर आजी अजून लोकांकडे पाठ करून उभ्या. वळून झालंच नव्हतं. माझ्या हातांनी आपोआप तिसरा वाजवला. आजी सावकाश वळल्या, जागेवर आल्या आणि माझ्याकडे बघून हसल्या. मला पुढचं कडवंच सुचेना. मनात एकच आलं, आंटीच्या घरातही कुणीतरी असं हळू वळणारं असणार. उगाच कुणी तिसरा फेरा कशाला शिकवील? आईला विचारलं, तिला माहीत नव्हतं. होतं ना कुणीतरी?"

हे कुणीही कधी विचारलं नव्हतं. सगळ्यांनी तीन का, असं विचारलं होतं. कुणासाठी, असं कुणी नाही.

"माझ्या आईसाठी," मी म्हणाले. आणि मग उसाच्या गाडीपासून सगळं सांगितलं, सगळ्यांसमोर.  "आणि कायपो, त्या दिवशी तू विचारलंस ना, मला माहीत होतं का म्हणून. माहीत होतं. दोन असतात हे मला पक्कं माहीत होतं आणि मी तुला सांगितलं नाही. तू हरलास तो माझ्यामुळे. वर मी तुलाच बोलले. चुकलं माझं."

"मीही चारचौघांत विचारायला नको होतं," तो म्हणाला. "इतक्या माणसांसमोर."

"आज त्याहून जास्त आहेत," फुमी म्हणाली. "मी मोजलीयत. अंदागी पुरणार नाहीत."

तेव्हा कुठे गॅरेजात हवा आली. कायपो पुढे आला, वाकून माझ्या कपाळाला कपाळ टेकवलं. घामाने चिंब होता पोरगा. मी त्याला घट्ट धरून ठेवलं, आणि मला इतकं हलकं वाटलं की सांगता येत नाही. मग त्याला पाणी दिलं, पाव दिला, केस वाढलेत म्हणून बोलले. अकरा वर्षांचं बोलायचं राहिलं होतं, केसांपासून सुरुवात केली.

"आंटी, ओकादासानना काय कळवू?" मॅनीने विचारलं. फोन पुन्हा हातात आला होता.

"कळव की चूक नाही. माझ्या आईचा गुडघा आहे."

मॅनीने ते तसंच्या तसं लिहिलं. उत्तर यायला दोन मिनिटं लागली. मॅनीने मनात वाचलं, मग नाक पुसलं, मग मोठ्यांदा वाचलं. "ओकादासान म्हणतात, माफ करा. त्या शहाऐंशी वर्षांच्या आजी माझ्या आई आहेत. त्या दिवशी मी पहिल्या रांगेत बसून सूर मोजत होतो, आई वळली ते माझं बघायचंच राहिलं."



कायपोने मग बादली शोधली. इकडे तिकडे बघावंही लागलं नाही त्याला, सरळ कपडे धुवायच्या यंत्रामागे गेला. चिमटे जमिनीवर ओतले, बादली उपडी केली आणि बसला. गुडघे हनुवटीला टेकत होते. उकुलेले जुळवत त्याने माझ्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस? मी एकाहत्तर वर्षांची आहे. डॉक्टरने जिना चढू नको म्हणून सांगितलंय."

"इथे जिना नाही," डोलोरेस म्हणाली.

"आणि अंगण वाकडं असल्याची सबब तर तुला सांगताच येणार नाही," फुमी म्हणाली. ही बाई काहीही विसरत नाही.

अंगण तसं वाकडंच आहे. पाणी जावं म्हणून मोझेसने गॅरेजाच्या फरशीला उतार दिलाय. पण मी उठले. लोकांसमोर मी कधी नाचत नाही, नाचायची ती आई, मी वाजवणारी. गाणं मात्र माझ्या अंगात होतं, खाडीवरचा वारा, माशांची जाळी, किनाऱ्यावरची झाडं, सगळं हातांनी कसं दाखवायचं ते आईकडे बघून बघून हातांना ठाऊक होतं. मॅनीने फोन वर धरला, फुमीने त्याच्या मनगटावर चापट मारली. त्याने तो खिशात घातला.

पहिलं कडवं संपलं आणि मी वळायला घेतलं. डावं पाऊल, मग उजवं, आणि उजव्या गुडघ्याने हात टेकले. आईचा डावा होता, माझा उजवा. पहिला फेरा झाला, मी अजून कपडे धुवायच्या यंत्राकडे तोंड करून. दुसरा झाला. तिसरा झाला तेव्हा कशीबशी अर्धी वळले होते, आणि माझ्या मनात आलं, संपलं, आता तो कडवं उचलणार आणि मी भिंतीकडे तोंड करून उभी राहणार.

त्याने चौथा वाजवला.

"चार झाले," फुमीने मोठ्याने सांगितलं.

मी जागेवर आले, समोर पाहिलं. कायपोची बोटं तारांवर फिरत होती, पण नजर तारांवर नव्हती. माझ्या पावलांवर होती. तेव्हा मला माझे बाबा दिसले, रविवारच्या अंगणातले, मान वाकवून आईच्या पावलांकडे बघणारे, आणि पायाशी बसून बोटं मोजणारी मी. बाबांनी तीन कधी वाजवलेच नव्हते. ती वळून होईपर्यंत वाजवत होते. मोजले ते मी, आणि शंभर मुलांना तेवढंच शिकवलं.

माझे डोळे वाहत होते आणि मी हसत होते. कायपोही हसला आणि पुढचं कडवं उचललं.

दुसऱ्या कडव्यानंतर फुमीने पुन्हा मोजायला तोंड उघडलं, तर डोलोरेसने तिच्या तोंडात अंदागी कोंबली. शेवटच्या कडव्यापर्यंत मी चांगलीच दमले होते. त्या वेळी त्याने किती फेरे वाजवले ते मला माहीत नाही.